गहू सोडला तरी पोट का सुधरत नाही? सिलिअॅकच्या निदानानंतर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

सिलिअॅक म्हणजे गहू आणि जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याचं निदान झालं, पोळी-पाव बंद केला, चार-सहा महिने उलटले. तरी पोट गच्च होतं, थकवा जात नाही, मधूनच जुलाब लागतात. अशा वेळी कुणी "हे पथ्य आपल्याला लागू पडत नाही" म्हणून पोळी परत सुरू करतं. कुणी दूध, मग डाळी, मग वांगं, मग टोमॅटो असं एकेक ताटातून काढत जातं आणि शेवटी भात-बटाट्यावर येऊन थांबतं. दोन्हींनी नुकसानच होतं. कारण जवळजवळ नेहमी सापडतं, फक्त ते क्रमाने शोधावं लागतं: आधी पुरेसा वेळ गेलाय का, मग घरात ग्लुटेन शिरतंय का, मग निदान पक्कं आहे का, आणि त्यानंतर बाकीचे आजार.

किती दिवसांत काय सुधरतं

जुलाब आणि पोटफुगी सहसा काही आठवड्यांत कमी होऊ लागतात. हिमोग्लोबिन जागेवर यायला सहा महिने ते वर्ष लागतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन त्याहून उशिरा भरतं, म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की लोहाची गोळी लगेच बंद करू नये. हाडांची घनता भरून यायला एक-दोन वर्षं. कोपर, गुडघे, ढुंगणावर खाजरे पुरळ येणारा सिलिअॅकचा त्वचारोग सर्वांत चिवट. नुसत्या पथ्यावर तो आटोक्यात यायला कित्येकदा दोन वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर डॅप्सोन हे औषध द्यावं लागतं. हातापायांच्या मुंग्याही सावकाश जातात, काहींच्या पूर्ण जात नाहीत. लहानपणी खराब झालेलं दातांचं एनॅमल परत येत नाही.

आतड्याची गती मात्र वेगळीच. मुलांचं आतडं बहुधा दोनेक वर्षांत भरून येतं. प्रौढांचं तसं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पथ्य सुरू करून दोन वर्षांनी ३४ टक्के, तर पाच वर्षांनी ६६ टक्के प्रौढांचं आतडं भरून आलेलं दिसलं. त्यामुळे चाळिशीत निदान झालेल्या माणसाचं आतडं दीड वर्षाने अर्धवट बरं असेल, तर ते बहुतेकांसारखंच आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी: लक्षणं आणि आतडं एकमेकांच्या बरोबरीने चालत नाहीत. काहीही त्रास नसलेल्याच्या बायॉप्सीत (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सूज सापडते, आणि आतडं स्वच्छ असलेल्याला पोटफुगी राहते. "मला काही होत नाही, म्हणजे थोडं चालतं" हा हिशेब म्हणून चुकतो.

मोजायला हाताशी असलेलं साधन म्हणजे टीटीजी-आयजीए, सिलिअॅकमध्ये वाढणाऱ्या आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी. पथ्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दरवर्षी करावी. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. किटनुसार आकडे आणि नॉर्मलची मर्यादा बदलते, त्यामुळे एका लॅबचे ८० आणि दुसरीचे ४० यांची तुलनाच होत नाही. निदानाच्या वेळी आकडा फार मोठा असेल तर नॉर्मलला यायला दोन वर्षंही लागतात. पाहायचं ते हे, की आकडा सतत उतरतोय का. जागेवर अडकला किंवा पुन्हा चढला तर ग्लुटेन पोटात जातंय, मग माणूस कितीही शपथेवर सांगो. उलट तो नॉर्मल आला म्हणजे आतडं भरलंच, असं मात्र मानता येत नाही. अधूनमधून जाणारं थोडं ग्लुटेन या तपासणीत दिसत नाही. ज्यांचं एकूण आयजीएच कमी असतं (सिलिअॅकच्या रुग्णांत शेकडा दोन-तीन) त्यांना ही तपासणी खोटा दिलासा देते. त्यांना आयजीजी प्रकारच्या तपासण्या लागतात. एकूण आयजीए कधी मोजलंच नसेल तर पुढच्या रक्ताबरोबर ते मोजायला सांगा.

किती ग्लुटेनने बिघडतं

एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. तीत जवळपास अडीच-पावणेतीन ग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेव्हा बऱ्या झालेल्या आतड्यात पुन्हा बिघाड दिसला. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा, रोज. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या खाली राहिलं तर बहुतेकांना ते सोसतं, असं धरून पथ्याची आखणी होते.

आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने "ग्लुटेन-फ्री" लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. असं पीठ दिवसभरात ३०० ग्रॅम खाल्लं तरी सहा मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. "आटा-फ्री", "मिलेट", "हेल्दी" या शब्दांना असा काही आधार नाही. मिलेटची बिस्किटं आणि नाचणीच्या शेवया यांच्या घटकयादीत गहू किंवा मैदा हमखास दिसतो.

गिरणी

मराठी घरात पथ्य फसतं ते बहुतेक वेळा इथेच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत मुळात ग्लुटेन नाही, म्हणून माणूस निर्धास्तपणे भाकरी खातो. पण दळण आलेलं असतं त्याच चक्कीतून, जिच्यातून दहा मिनिटांपूर्वी शेजाऱ्यांचे गहू गेले. चक्कीच्या पेटीत, दगडाच्या खाचांत, खाली बांधलेल्या कापडी नळीत मागच्या दळणाचं पीठ उरतंच. ते तुमच्या डब्यात उतरतं.

हिशेब करून पाहा. दोन किलो ज्वारीच्या पिठात फक्त १० ग्रॅम कणीक आली, म्हणजे मोठा चमचाभर, तर त्या पिठात किलोमागे सुमारे ४५० मिलिग्रॅम ग्लुटेन झालं. दिवसाला तीन भाकरी, म्हणजे १५० ग्रॅम पीठ खाल्लं, की पोटात साधारण ७० मिलिग्रॅम जातं. ही रोजची मात्रा इटलीतल्या चाचणीतल्या मात्रेपेक्षा जास्त आहे, आणि खाणाऱ्याने गव्हाला हातही लावलेला नाही.

"आधी दोन किलो तांदूळ घाला, मग माझं दळा" किंवा "सकाळचं पहिलं दळण माझं" या युक्त्यांनी प्रमाण कमी होतं, पण किती कमी, ते कुणीच मोजत नाही. शिवाय गिरणीत पीठ हवेत उडतच असतं. ज्याचं टीटीजी उतरत नाही त्याने सामायिक गिरणी पूर्ण बंद करावी. घरी असं करता येतं:

१. पीठ विकत घेऊ नका, अख्खं धान्य घ्या. ताटात एका वेळी अर्धा किलो पसरून उजेडात निवडा. ज्वारी-बाजरीत गव्हाचे आणि जवाचे दाणे येतात. दुकानात मापं आणि पोती एकच असतात.

२. दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, म्हणजे वर बसलेली पिठूळ धूळ निघते. मग कडक वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. ओल राहिली तर पीठ चिकटतं आणि आठवड्यात त्याला वास येतो.

३. घरघंटी घेणार असाल तर ती फक्त याच धान्यांसाठी ठेवा. आधी गहू दळलेली जुनी घरघंटी ब्रशने झाडून भरवशाची होत नाही. जाळी, पिठाची पिशवी आणि कोपरे यांत कणीक राहते.

४. घरघंटी परवडत नसेल तर नाचणी आणि तांदूळ मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडे थोडे दळून चाळता येतात. ज्वारीचं पीठ जरा रवाळ होतं. भाकरी गरम पाण्याची उकड काढून थापली की मोडत नाही.

बेसनाचंही तसंच. हरभराडाळ निवडून घरीच दळा, किंवा ग्लुटेन-फ्री लिहिलेलं घ्या.

डब्यांत लपलेला गहू

बांधणी हिंगात मैदा किंवा कणीक घालतात. चिमूटभर हिंगात फार ग्लुटेन नसतं हे खरं, पण ती चिमूट वरणात, भाजीत, ताकात, लोणच्यात आणि पापडात रोज असते. तांदळाच्या पिठावर बांधलेलं हिंग मिळतं, घटकयादी वाचून घ्या. बाजारच्या कैरीच्या लोणच्याच्या मसाल्यात हिंग सढळ असतं; लोणचं घरी घाला.

मेतकुटात परंपरेने मूठभर गहू भाजून घालतात. मऊ भात-मेतकूट हे आजाऱ्याचं खाणं म्हणून नेमकं पोट बिघडलं की दिलं जातं, आणि मग पोट सुधरत नाही म्हणून पुन्हा तेच. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण ती गिरणीतूनच येते. सातूचं पीठ, कुरडया, लापशी, दलिया, शेवया हे सगळं वर्ज्य. माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव, त्यामुळे माल्ट घातलेली दुधातली पावडर आणि बिअर दोन्ही गेली. सोया सॉस गव्हावर आंबवतात. ओट्स पहिलं वर्षभर तरी नकोच. प्रमाणित नसतील तर त्यांत गहू असतो, आणि शुद्ध ओट्सही थोड्या लोकांना सोसत नाहीत.

औषधाच्या गोळ्यांत स्टार्च असतो, बहुतेकदा मक्याचा. पण रोज घ्यायच्या गोळीबद्दल कंपनीला एक ई-मेल टाकून "स्टार्चचा स्रोत काय" हे विचारून घ्यावं. आयुर्वेदिक औषधाच्या यादीत "यव" दिसलं की ते जव.

ओटा, परात आणि उडणारी कणीक

स्टीलची भांडी साबण-पाण्याने नीट घासली की पुरे. वेगळा संसार मांडायची गरज नाही. वेगळं हवं ते लाकडी आणि छिद्रांचं: पोळपाट, लाटणं, काटवट, चाळणी, झारा. चाळणी तर आधी बदला, तिच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊन निघत नाही. बिडाचा तवा वेगळा ठेवा. लोणी, जॅम, चटणीच्या बरणीत पोळीचा चमचा बुडतो, म्हणून या माणसाची बरणी वेगळी आणि वरच्या फळीवर. तळणीचं तेल एकच असेल तर आधी याचे पापड, मग बाकीच्यांच्या पुऱ्या.

जिला सिलिअॅक आहे तीच दोन वेळची कणीक मळते आणि पोळ्या लाटते, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. कणीक चाळताना आणि पिठी भुरभुरताना उडालेलं पीठ नाकातोंडात जातं, गिळलं जातं. टीटीजी अडकलेल्या बाईला डॉक्टरांनी आधी हे विचारावं, आणि घरच्यांनी आधी हे बदलावं. पोळ्या दुसऱ्या कुणी कराव्यात, नाहीतर पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात. घरात कणीक चाळायचीच असेल तर हिचा स्वयंपाक आधी उरकून, झाकून, मग.

बाहेर

इडली बरी, पण रव्याची नाही ना ते विचारा. डोशाचा तवा रवा डोशाचाच असतो. बटाटेवडा बेसनाचा असला तरी कढई समोशाची. कोकणात आणि गोव्यात तळलेल्या मासळीला रव्याचं आवरण असतं. कालवण मागा, आणि तेही मैद्याने दाट केलेलं नाही हे विचारून. प्रसादाचा शिरा हातात घेऊन घरी न्यावा. "एक घास" नको. उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक कुटुंबांसाठी: पूर्ण ग्लुटेनविरहित होस्ती (मिस्सेत देतात ती पातळ गव्हाची चकती) चर्चला मान्य नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची मान्य आहे. ती नसेल तर नुसत्या वाइनचं कम्युनियन घेता येतं. फादरना आधी सांगून ठेवावं.

घर धुऊन काढलं, तरी त्रास आहे

दोन आठवड्यांची वही लिहा: काय खाल्लं, कुठलं पीठ, कुठे खाल्लं, शौच किती वेळा, पोट कधी फुगलं. मग आहारतज्ज्ञाला वही आणि रिकामी पाकिटं दोन्ही दाखवा. ग्लुटेन खरंच थांबलंय आणि टीटीजी उतरतंय, असं दिसलं की पुढचे प्रश्न. निदानाबद्दलच शंका असेल तर आधी खालचा "निदान मुळात बरोबर होतं का" हा भाग पाहा.

दूध. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पचवणारं एन्झाइम आतड्याच्या आतल्या बारीक लवेच्या त्याच टोकांवर असतं जी सिलिअॅकने झिजतात. दूध, खवा, बासुंदी, आइस्क्रीम, दूध पावडर दोन आठवडे पूर्ण बंद करून पाहा. तूप चालतं, आंबट दही-ताक बहुतेकांना सोसतं. फरक पडला तर तीन-चार महिन्यांनी अर्धा कप दूध घेऊन पुन्हा बघा. आतडं भरलं की कित्येकांना ते परत पचू लागतं. दूध बंद आहे तोवर कॅल्शियमकडे लक्ष हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, पण ते सगळं शोषलं जात नाही, तेव्हा गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेऊ नका, आणि थायरॉइडच्या गोळीपासून दोन्ही चार तास लांब ठेवा. आतडं सुधरल्यावर थायरॉइडचा डोस जास्त होऊ शकतो, कारण गोळी आता नीट शोषली जाते. धडधड, घाम, वजन उतरणं याला सिलिअॅक समजण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा.

बद्धकोष्ठ. गहू गेला तशी चोथ्याची मोठी बाजू गेली, आणि जागा घेतली भात, साबुदाणा, बटाटा यांनी. पोट दुखतं, फुगतं, माणसाला वाटतं पोटात ग्लुटेन गेलं. ज्वारी, राजगिरा, पालेभाजी वाढवा. रात्री एक चमचा इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. इथे आणखी काही वगळायची गरज नाही, वाढवायची आहे.

जिआर्डिया. आपल्याकडच्या पाण्यात हा जंतू मुबलक, आणि त्याची लक्षणं हुबेहूब सिलिअॅकसारखी. एका नमुन्यात सापडला नाही म्हणजे नाही असं नसतं. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या.

यापुढचं डॉक्टरांचं काम, पण विचारायला हरकत नाही: लहान आतड्यात जिवाणूंची अवास्तव वाढ, स्वादुपिंडाची एन्झाइम कमी पडणं (शौचातलं इलास्टेज तपासतात), मोठ्या आतड्याचा मायक्रोस्कोपिक कोलायटिस (कोलोनोस्कोपीत आतडं नॉर्मल दिसतं, बायॉप्सीतच कळतो), आणि आयबीएस (आतडं दिसायला ठीक, तरी पोट बिघडत राहण्याचा आजार), जो सिलिअॅकबरोबर आरामात नांदतो.

निदान मुळात बरोबर होतं का

बायॉप्सीशिवाय, टीटीजी किंचित वाढलेलं पाहून पथ्य सुरू झालं असेल, किंवा बायॉप्सीत सूज होती पण टीटीजी नकारात्मक होतं, तर हा प्रश्न टाळू नका. भारतात ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशात होणारा, अन्नशोषण बिघडवणारा आतड्याचा आजार), आतड्याचा क्षय, जिआर्डिया यांतही आतड्याच्या लव झडतात. ट्रॉपिकल स्प्रूला पथ्याने गुण येत नाही, तो टेट्रासायक्लिन आणि फॉलिक अॅसिडने बरा होतो. रक्तदाबाच्या ऑल्मेसार्टन या गोळीनेही असंच चित्र उमटू शकतं. ती चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, आपली आपण बंद करू नका. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळपास नाहीच, आणि ही तपासणी पथ्य चालू असतानाही करता येते. "१०० पदार्थांची आयजीजी चाचणी" करणारी पॅनेल या कामाची नाहीत.

खात्रीसाठी गहू पुन्हा खाऊन पाहणं हे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली: प्रौढांत रोज एक-दोन पोळ्या, दोन ते आठ आठवडे, मग रक्त आणि एंडोस्कोपी. बायॉप्सीचे तुकडे ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या बल्बमधून एक-दोन घ्यायला हवेत; सिलिअॅक ठिकठिकाणी पसरतो, एका तुकड्यावर निकाल लावता येत नाही.

थांबायचं नाही अशा खुणा

न ठरवता वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचात रक्त, ताप, सतत उलट्या, पोटात वाढत जाणारं दुखणं, पायांवर सूज, सुधारलेलं हिमोग्लोबिन पुन्हा घसरणं. यांपैकी काहीही, विशेषतः पन्नाशीनंतर, दिसलं तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. काटेकोर पथ्य वर्षभर पाळूनही लक्षणं आणि आतड्यातला बिघाड दोन्ही टिकून राहिले आणि बाकीची कारणं बाद झाली, तर त्याला रिफ्रॅक्टरी सिलिअॅक म्हणतात. तो फार विरळा, शंभरात एखाद्याला. त्याचे दोन प्रकार. पहिल्याला ब्युडेसोनाइडसारख्या औषधाने गुण येतो. दुसऱ्यात आतड्यातल्या पेशी बदललेल्या असतात आणि पुढे लिम्फोमा या कर्करोगाचा धोका राहतो, म्हणून त्याचं निदान आणि उपचार मोठ्या संस्थेतच व्हावेत. दिल्लीच्या एम्समध्ये सिलिअॅकचं स्वतंत्र क्लिनिक आहे.

अशा भेटीला जाताना सगळ्या टीटीजींचे आकडे तारखेनिशी एका कागदावर, पहिल्या एंडोस्कोपीचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि ती दोन आठवड्यांची वही न्या. शिवाय पहिल्या बायॉप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. ते काही वर्षं जपून ठेवलेले असतात आणि रुग्णाला लेखी अर्जावर मिळतात. नुसत्या रिपोर्टवरून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला निदान तपासता येत नाही, स्लाइडवरून येतं.